दोन पॉइंटांची दुरुस्ती

ज्या वाक्याने एका माणसाचा डोळा गेला, ते वाक्य एलिया मकासरेला फार आवडलं होतं. लिहून झाल्यावर त्याने ते तीनदा मोठ्याने वाचलं, बायकोला ऐकवलं आणि मगच निवलेला चहा घेतला. वाक्य असं होतं: 'ज्या गावात घरांना दारं नाहीत, त्या गावात रोज सकाळी साडेसहाला चोरी होते, आणि चोर वर पावतीही देतो.'

एलियाचा धंदा सॉफ्टवेअरचा. नेवासा, राहुरी आणि शेवगाव मिळून त्रेसष्ट दूध संकलन केंद्रांवर त्याचं काम चालायचं. शेतकऱ्याने कॅन आणला की मशीन दुधाची फॅट मोजतं, आकडा संगणकात जातो आणि फॅटवर ठरलेल्या दराची पावती बाहेर पडते. मशीन आणि पावती यांच्या मधली जी जागा, ती एलियाची. वडाळ्याच्या मिशन कंपाउंडात वाढलेला, पाळकाचा नातू, नगरला इंजिनिअर झाला आणि पुण्याची नोकरी सोडून घोडेगावात हायवेच्या कडेला दोन खोल्यांचं ऑफिस थाटून बसला. धंदा रांगेला लागला तसा त्याला लिहिण्याचा नाद लागला. दर शनिवारी सकाळी त्याचा 'शनिवारचा धडा' फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर पडायचा. धंदा कसा उभा करावा, गिऱ्हाईक कसं जोडावं, भांडवल कुठून आणावं, सगळं आपल्या मातीतल्या उदाहरणांनी. हजारो लोक वाचायचे. नाशिक-संभाजीनगरहून व्याख्यानांची बोलावणी यायची. तिथे तो ठासून सांगायचा की पहिल्याच वाक्यात वाचकाची कॉलर धरा. धरलेली कॉलर कुणाची निघेल, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. त्याला तरी कुठे माहीत होतं!

त्या शनिवारचा धडा विश्वासावर होता. विश्वास हीच खरी जाहिरात, असं त्याचं म्हणणं, आणि ते पटवायला त्याने एक गोष्ट रचली होती. दारं नसलेल्या गावातला एक दूध केंद्रवाला. गळ्यात तुळशीची माळ, येईल त्याला 'माउली' म्हणतो, आईबरोबर आलेल्या पोरांच्या हातावर चिमूटभर साखर ठेवतो, आणि संगणकातली एक कळ दाबून प्रत्येक पावतीवर फॅट दोन पॉइंट खाली ओढतो. शेवटी एलियाने विचारलं होतं की अशा माणसाचा धंदा किती दिवस टिकेल? उत्तर वाचकांवर सोडलं होतं. हीही त्याची शिकवलेलीच युक्ती.

आता खरी गोष्ट सांगतो. चोरी खरी होती. चोर मात्र दुसरा होता, आणि कळ एलियाने बनवली होती.

सहा वर्षांपूर्वी, ऑफिसचं भाडं द्यायलाही एलियाच्या हाताशी काही नव्हतं तेव्हा, हायवेवरच्या एका दूध शीतकरण केंद्राचे मालक कानिफनाथ तागड यांनी त्याला पहिलं मोठं काम दिलं. कानिफशेठचं म्हणणं एवढंच होतं की मशीनचा आकडा पावतीवर येता येता जरा दुरुस्त व्हावा. एलियाने एक चोरपडदा बनवला. एफ-नऊ ही कळ लागोपाठ तीनदा दाबली की तो उघडायचा, आणि त्यावर शब्दही तसाच साळसूद होता: 'दुरुस्ती'. तिथे ०.२ टाकलं की प्रत्येकाच्या दुधाची फॅट दोन पॉइंट उतरायची. कानिफशेठने आपल्या सगळ्या केंद्रांवर ते बसवलं, चार जणांना सांगितलं, त्या चार जणांनी चाळीस जणांना. एलियाचा धंदा वाढला तो त्या पडद्यावर.

ते त्याला सहा वर्षं सलत होतं, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. सलत होतं म्हणूनच त्याने लिहिलं. आणि लिहिणाऱ्यांची जी रीत असते तीच पाळली: नाव बदललं, गाव बदललं, मोठ्या शीतकरण केंद्राचं लहान संकलन केंद्र केलं, कानिफशेठच्या सफारीच्या जागी तुळशीची माळ घातली. यालाच तो सभ्यपणा समजत होता. त्याची बायको रेबेका शाळेत शिकवायची. तिने धडा वाचला आणि म्हणाली की छान आहे सगळं, यात चोरणारा आहे, लुबाडले गेलेले आहेत, पण कळ बनवणारा कुठे दिसत नाही. एलिया म्हणाला की धड्याचा विषय तो नाही. ती मेथी निवडायला बसली.

दारं नसलेलं गाव त्याने घेतलं ते निव्वळ वाक्य खुलतं म्हणून. शिंगणापूरच्या शिवेला लागून पिंपळवस्ती आहे. तिथेही तीच चाल: घराला चौकट असते, दार नसतं, फार तर कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवतात. आणि पिंपळवस्तीत दूध केंद्र एकच होतं, बिभीषण कोरडेचं. बिभीषणच्या गळ्यात माळ होती. तो सगळ्यांना माउली म्हणायचा. पोरांना साखर द्यायचा. ही साखर आपल्या लेखात कुठून आली हे एलियाला लिहिताना आठवलंच नाही. दोन वर्षांपूर्वी तो तिथे मशीन जोडायला गेला होता, तेव्हा त्याची लहानगी मुलगी शॅरन बरोबर होती आणि बिभीषणने तिच्याही तळहातावर साखर ठेवली होती. त्याच दिवशी एलियाने त्याला एफ-नऊची गंमत दाखवली, तर बिभीषणने हात जोडले.

"ते काढून टाका साहेब," तो म्हणाला. "ऱ्हायलं तर कवातरी हात लागंल."

मग एलियाने हसत हसत त्याच्यासाठी सॉफ्टवेअरची वेगळी प्रत करून दिली. त्रेसष्टांपैकी बासष्ट केंद्रांवर चोरपडदा होता. त्रेसष्टावं ते बिभीषणचं.

रविवारी सकाळी एलिया चर्चसाठी पांढरा शर्ट घालून तयार होत होता, तेवढ्यात बिभीषणचा फोन आला. आवाज दबका होता. केंद्रावर लोक जमलेत, म्हणाला, कुणीतरी काहीतरी लिहिलंय, ते मोबाईलवर सगळ्यांकडे फिरतंय आणि सगळे मला म्हणतात की त्यातला चोर तूच. मशीन तुमचंच आहे, तुम्ही येऊन दोन शब्द सांगा, लोक तुमचं ऐकतील. लिहिणारा कोण हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. फिरत फिरत त्याच्यापर्यंत आलेल्या मजकुरावरून एलियाचं नाव केव्हाच गळून पडलं होतं.  एलियाने रेबेकाला काही सांगितलं नाही, गाडी काढली आणि दहा मिनिटांत पिंपळवस्ती गाठली.

केंद्रासमोर साठ-सत्तर माणसं होती. दुधाचे कॅन रस्त्यावर तसेच उभे, आणि माणसं त्यांच्या पुढे. चौकटीत बिभीषणची बायको पुष्पावती ती कुत्र्यासाठीची फळी दोन्ही हातांनी आडवी धरून उभी होती. साठ माणसांना ती बाई फळीने अडवायला निघाली होती. सगळ्यांत पुढे ज्ञानेश्वर होता. कधी काळी जत्रेत कुस्त्या मारायचा, आता घरी आठ गाई, आणि दुधाचा दर पडल्यापासून बोलणं सगळं हातघाईचं. तो मोबाईल वर धरून एलियाचंच वाक्य मोठमोठ्याने वाचत होता. दोन-तीनदा वाचलं, आणि दर वेळी मागच्या लोकांत काहीतरी चढत गेलं. एलियाने आयुष्यात अनेक सभा गाजवल्या होत्या, पण आपलं वाक्य इतकं लागलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

बिभीषणने त्याला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो एलियाला पुढे जन्मभर पुरणार होता.

"हे आले बगा," बिभीषण म्हणाला. "मशीन ह्यांनी बशिवलंय. ह्यांनाच इचारा, मी काय केलं का."

सगळे वळले. ज्ञानेश्वर चार पावलं पुढे आला आणि त्याने सरळ विचारलं की ह्या मशीनमध्ये फॅट खाली ओढायची सोय असती का न्हाई?

उत्तर दोन वाक्यांचं होतं. सोय असते, मी केली आहे. ह्या मशीनमध्ये नाही, ह्या माणसाने काढायला लावली. एवढं बोलायला एलियाला श्वासही पुरला असता. पण पहिलं वाक्य बोलल्याशिवाय दुसरं बोलता येत नव्हतं, आणि पहिल्या वाक्याच्या मागे बासष्ट केंद्रं, ऑफिस, घर, शनिवारचा धडा आणि कानिफशेठ असे सगळे रांगेने उभे होते. एलियाने घसा साफ केला. मीटिंगमध्ये गिऱ्हाइकाला देतात तसं उत्तर दिलं.

"तपासावं लागेल."

ज्ञानेश्वरला तेवढं बस झालं. त्याने फळीसकट पुष्पावतीला बाजूला ढकललं, ती चौकटीवर आपटली, आणि माणसं आत शिरली. दार फोडायचा आवाज नाही, कडी तुटायचा आवाज नाही. नुसती माणसं आत गेली, रोज जातात तशी. मग मशीन बाहेर आलं आणि दगडावर फुटलं. मागून संगणक, मागून काटा. मग चार जणांनी हातापायाला धरून बिभीषणला आणलं आणि रस्त्यावर टाकलं. कुणीतरी त्याची माळ ओढली. ती तुटली नाही, तेव्हा त्याच माळेने त्याला फरपटत नेलं. तो "माउली, माउली" म्हणत होता. सवयच ती. पण त्या दिवशी त्या शब्दाने लोक आणखी पिसाळले.

ज्ञानेश्वरने त्याचा उजवा हात जमिनीवर दाबून धरला. कळ दाबतो तो हात हाच, म्हणाला. दोघांनी चाळीस लिटरचा भरलेला कॅन उचलला आणि मनगटावर सोडला. एकदा सोडला, उचलला आणि पुन्हा सोडला. दुसऱ्या वेळी झाकण उडालं, दूध सांडलं आणि लाल झालं. ते झाकण एका पोक्त माणसाने उचललं, ज्याला एलिया लग्नाकार्यात भेटला होता, ज्याच्या घरी जेवला होता, आणि त्याने ते काठाकडून बिभीषणच्या तोंडावर मारलं. बिभीषण ओरडला नाही, नुसता हुंकारला. डावा डोळा होता तिथे नुसतं रक्त दिसत होतं.

एलिया गाडीला पाठ लावून उभा होता. दुधाचा ओघळ त्याच्या बुटांपर्यंत आला, शर्टावर थेंब उडाले. त्याने एकदा "अहो, थांबा" म्हटल्याचं त्याला आठवतं. बाकी कुणाला आठवत नाही.

पोलीस आले तेव्हा मारणारे पांगले होते. अकरा जणांवर मारहाणीचा गुन्हा दाखल झाला, ते लगेच जामिनावर सुटले, आणि त्याच दिवशी बिभीषणवरही गुन्हा लागला फसवणुकीचा, कारण पन्नास जणांनी तशी तक्रार दिली. नगरच्या दवाखान्यात त्याचा डोळा काढावा लागला. हाताचं बोटांनाच विचारा, असं डॉक्टर म्हणाले, आणि बोटं काही हलत नव्हती.

सोमवारी कानिफशेठने एलियाला बोलावून घेतलं. शीतकरण केंद्रात दुधाच्या मोठ्या कूलरचा खडखडाट चालू होता. शेठने खुर्ची दिली, चहा मागवला, धडा आवडल्याचं सांगितलं. पिंपळवस्तीतलं दूध आता आपल्याकडे यायचं, तिथे ज्ञानेश्वरला बसवतोय, उद्या तुझं मशीन जोडून दे, असं सगळं शांतपणे बोलले. एलिया म्हणाला की शेठ, हे बरं झालं नाही, बिभीषणच्या मशीनमध्ये ती सोयच नव्हती. कानिफशेठने चहाचा कप खाली ठेवला आणि आपल्या दोन माणसांकडे नुसतं पाहिलं.

त्यांनी एलियाला उचलून कूलरपाशी नेलं, झाकण उघडलं आणि मानेला धरून त्याचं डोकं दुधात घातलं. दूध बर्फासारखं होतं. डोळे, कान, नाक सगळ्यांतून ते थंड सुऱ्यासारखं आत घुसलं. त्याने पाय झाडले, तोंड उघडलं आणि दूध प्यायला. बाहेर काढलं, श्वास घेऊ दिला, पुन्हा घातलं. चौथ्यांदा काढलं तेव्हा तो ओकत होता आणि त्याची पँट ओली झाली होती.

"तू लिहीत जा रं, मला वाचाया आवडतं," कानिफशेठ वाकून म्हणाले. "फकस्त खरं लिहाया जाऊ नको. तुझ्या पोरीची शाळा ह्याच रस्त्यावर हाय."

मग त्यांनी माणसाला सांगितलं की कूलरमधलं हे दूध टाकू नका, तसंच पुढे पाठवा.

आणि एलियाने मंगळवारी जाऊन मशीन जोडून दिलं. रागवायचं असेल तर इथे रागवा, मीही रागावलो आहे. जोडलं तेही बिभीषणच्याच केंद्रात, त्याच चौकटीच्या आत, त्याच टेबलावर. केंद्राचं भाडं शेठ देणार होते आणि दवाखान्याला पैसा लागत होता, म्हणून पुष्पावतीने जागा दिली होती. ज्ञानेश्वर खुर्चीत बसून शिकून घेत होता. एफ-नऊ तीनदा दाबायला तर तो पाच मिनिटांत शिकला. त्याला आधी आश्चर्य वाटलं, मग त्याने एलियाकडे बघितलं, मग काय ते समजला, आणि मग हसला. त्या हसण्यात जराही लाज नव्हती.

एलिया निघाला तेव्हा पुष्पावती मागच्या घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. कपाळावर चौकटीचा काळानिळा वळ होता. तिने त्याला पाणी दिलं आणि तो पिईस्तोवर थांबली.

"साहेब, तुमी त्या दिशी तपासाया लागंल म्हनला हुता," ती म्हणाली. "झालं का तपासून?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मोठा शिकलेला माणूस सगळ्यांसमोर बोललाय म्हणजे तो तपासतोय, आणि एक दिवस तो येऊन सांगेल की माझ्या नवऱ्याने काही केलं नाही. दवाखान्यात बिभीषणलाही ती तेच सांगून धीर देत होती. एलियाने तांब्या तिच्या हातात दिला. बघतो, असं काहीतरी पुटपुटून तो गाडीत बसला, आणि घोडेगावात येईपर्यंत त्याला रस्ता नीट दिसला नाही.

घरी येऊन त्याने रेबेकाला सगळं सांगितलं. कूलरचं सांगितलं, शॅरनच्या शाळेचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, शॅरनची बॅग भरली आणि म्हणाली की मी हिला घेऊन माझ्या भावाकडे श्रीरामपूरला जाते, तू लिही. या वेळी त्यात कळ बनवणारा असू दे.

बुधवारी सकाळी त्याने लिहिलं. शनिवारची वाट पाहिली नाही. पहिलं वाक्य होतं: 'मी एलिया मकासरे, फॅट चोरायची कळ मी बनवली आणि बासष्ट केंद्रांना विकली.' कानिफशेठचं नाव लिहिलं, बिभीषणचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. युक्ती नाही, कोडं नाही, खुलवणं नाही. तो मजकूर दुपारपर्यंत दोनशे बारा लोकांनी उघडला. त्यातल्या निम्म्यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. एकाने विचारलं की या शनिवारी धडा येणार ना? खोटं वाक्य एका दिवसात तीन तालुक्यांत पोचलं होतं, आणि खरं घोडेगावच्या बाहेर पडेना. इतकी वर्षं लोकांना मार्केटिंग शिकवणारा माणूस मोबाईलकडे बघत बसला. फक्त कानिफशेठने तो नक्की वाचला असणार, कारण दुपारी ऑफिसच्या काचा फुटल्या आणि टेबलावर कुणीतरी मेलेलं रेडकू टाकून गेलं.

मग गुरुवारी सकाळी साडेसहाला लॅपटॉप घेऊन तो पिंपळवस्तीला गेला.

रांग लागली होती. तीच माणसं, तेच कॅन. टेबलामागे ज्ञानेश्वर. एलिया रांग सोडून आत शिरला आणि लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा काट्यावर ठेवला.  म्हणाला, मी तपासलंय, आणि तेच सांगायला आलोय. बिभीषणसाठी केलेली प्रत त्याने आधी लॅपटॉपवर दाखवली: एफ-नऊ तीनदा दाबलं, काही झालं नाही. मग ज्ञानेश्वर थोपवायच्या आत त्याने टेबलावरच्या संगणकाची कळ तीनदा दाबली. चोरपडदा उघडला. 'दुरुस्ती: ०.२'. रांगेतल्या पहिल्या दहा-बारा जणांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि मागच्यांना त्यांनी सांगितलं.

"ही चोरी मी शिकवली," एलिया म्हणाला. "बिभीषणने ती घेतली नाही. तुम्ही ज्याला मारलं, त्याच्याइतका सरळ माणूस माझ्या यादीत दुसरा नाही."

 आक्काबाई नावाची म्हातारी एकुलत्या एका गाईचं दूध घेऊन रांगेत उभी होती, तिने एवढंच विचारलं की मग आपन त्याचा डोळा कशापाई काढला?  तिने आपली छोटी किटली उचलली आणि दूध न घालताच घराकडे चालू लागली. तिच्यामागे आणखी दोघं-तिघं गेले.

बाकीचे थांबले. एलियाला वाटलं होतं की लोक आता ज्ञानेश्वरवर धावून जातील, किंवा आपल्यावर, चोर म्हणून. पोळलेल्या माणसांचा राग त्याने गृहीत धरला होता आणि तो सोसायची तयारी करूनच तो आला होता. पण त्या चेहऱ्यांवर राग नव्हता. भीती होती.

ज्ञानेश्वर उठला. तो एकदम मवाळ बोलला, समजूत घालावी तसं.

"साहेब, अकरा जनांवर केस हाय," तो म्हणाला. "तो चोर हाय तवर आमी शेतकरी हाय. तो चोर न्हाई म्हनला तर आमी कोन?"

आणि त्याने लॅपटॉपचं झाकण त्यावर टेकलेल्या एलियाच्या बोटांवर आपटलं. मग त्यावर आपला गुडघा टेकवला आणि सगळं वजन टाकलं. बोटं मोडल्याचा आवाज चुलीत काटक्या मोडतात तसा आला. एलिया किंचाळला तेव्हा त्याच्या तोंडावर काट्याचं लोखंडी वजन बसलं. जबडा एका बाजूला सरकला, दात जिभेवर आले. मागून कुणीतरी लाथ घातली, तो चौकटीत पालथा पडला, आणि मग ते अकराच्या अकरा आले. त्या पोक्त माणसानेही मारलं. मारताना कुणी शिवी दिली नाही, कुणी ओरडलं नाही. रविवारी त्यांना न्याय करायचा होता, म्हणून आरडाओरडा होता. आज नुसतं एक तोंड बंद करायचं होतं. दोन बरगड्या गेल्या तेव्हा त्याला मोजता आल्या, पुढच्या नाही. कुणीतरी लॅपटॉप उचलून चाऱ्याच्या हौदात बुडवला.

ते थांबले ते पुष्पावती आली म्हणून नव्हे, तर रविवारपासून गस्त घालणारी पोलिसांची गाडी रस्त्यावर दिसली म्हणून. ती बाई तर मघापासूनच चौकटीच्या आतल्या अंगाला उभी होती. तिने पडदा पाहिला होता, एलियाचं बोलणं ऐकलं होतं आणि पुढचं सगळं बघितलं होतं, पापणी न लववता.

हवालदार उतरले. पडलेल्या माणसाकडे बघून त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सारली आणि विचारलं की काय झालं? ज्ञानेश्वर म्हणाला की दूध सांडलं हुतं, पाय घसरून पडले. दोघं-तिघं म्हणाले की व्हय, घसरले. कॅन उचलून लोक मुकाट्याने रांगेत उभे राहू लागले.

हवालदारांना ते पटलं नसावं. ते पुष्पावतीकडे वळले.

"बाई, तुम्ही इथेच होता ना?" त्यांनी विचारलं. "कोणी मारलं ह्यांना?"

एलियाला बोलता येत नव्हतं. तोंडातून रक्त आणि लाळ गळत होती. एकच डोळा उघडत होता, आणि त्या डोळ्याने तो तिच्याकडे बघत होता. सगळ्या पिंपळवस्तीत खरं सांगेल असं हे एकच माणूस उरलं होतं, हे त्याला कळत होतं. तिच्या एका वाक्याने हे अकरा जण आत गेले असते, कानिफशेठचं नाव निघालं असतं, त्याचं बोलणं कागदावर आलं असतं. तिला एक डोळा गमावलेला नवरा घरात आणायचा होता आणि ह्याच वस्तीत त्याच्याबरोबर राहायचं होतं, तेही त्याला कळत होतं.

पुष्पावतीने त्याच्याकडे बघितलं. मग तिने पदर सावरला.

"तपासाया लागंल, साहेब," ती हवालदारांना म्हणाली.

मग ती वाकली, रविवारपासून तिथेच पडलेली फळी तिने उचलली आणि मागच्या घरात जाऊन चौकटीत आडवी टेकवली.